मानद पदवी आणि पदवीचा मान

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या वार्षिक समारंभाची निमंत्रणपत्रिका छापावयाची होती. सेवानिवृत्त माणसाजवळ वेळच वेळ असतो या सार्वत्रिक समजुतीमुळे मसुद्याचे काम आमच्याकडे आले. प्रमुख पाहुण्यांच्या नावाआधी ‘डॉ.’ असावे, असा निरोप होता. गृहस्थ सज्जन, मंडळाच्या ग्रंथालयास त्यांनी दोन कपाटे दिलेली. मात्र ते वैद्य नव्हते आणि त्यांनी प्रबंध लिहिल्याचेही कुणाच्या ऐकिवात नव्हते. चौकशीअंती समजले की, कोण्या दूरच्या संस्थेने एका हॉटेलात समारंभ करून त्यांना ‘मानद डॉक्टरेट’ अर्पण केली होती आणि समारंभाच्या खर्चापोटी त्यांच्याकडून बऱ्यापैकी वर्गणीही घेतली होती. आम्ही क्षणभर थबकलो आणि ‘डॉ.’ लिहून मसुदा छापखान्यात धाडला. उभी हयात सरकारी कागदातील शब्द न् शब्द पारखून मगच सही करणारे आम्ही, त्या एका अक्षरापाशी मात्र डोळे मिटून पुढे गेलो. हा लेख त्या मिटल्या डोळ्यांविषयी आहे.

मानद पदवी म्हणजे नेमके काय? परीक्षा देऊन मिळालेली पदवी हा पुरावा असतो. अमुक इसमाने अमुक विषयाचा अभ्यास केला, परीक्षकांनी तो तपासला आणि तो उतरला, एवढेच ती सांगते. मानद पदवी हा पुरावा नव्हे. ती साक्ष आहे. या व्यक्तीचे कार्य आमच्या परीक्षांच्या चौकटीत बसणारे नसले तरी ते विद्येच्या तोडीचे आहे, असे विद्यापीठ आपली अब्रू पणाला लावून सांगत असते. साक्षीचे मोल साक्षीदाराच्या निःस्पृहतेवर ठरते, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही सांगावयास नको. ज्याचे हितसंबंध गुंतले आहेत, त्याची साक्ष खरी असली तरी तिचे वजन घटते.

आपल्या राज्यघटनेने या बाबतीत विद्यापीठांवर विलक्षण विश्वास टाकला आहे. रावबहादूर, खानबहादूर, दिवाणबहादूर असल्या किताबांचा काळ आपल्यापैकी वयोवृद्धांनी घरातील जुन्या तसबिरींखाली वाचलेला असेल. घटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने ती परंपरा संपविली. मात्र लष्करी आणि विद्याविषयक बहुमान तेवढे शिल्लक ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली पद्म पुरस्कार व भारतरत्न वैध ठरविताना हेच पथ्य सांगितले की, हे पुरस्कार नावाच्या आधी वा नंतर लावता येणार नाहीत. याचा अर्थ असा की, भारतरत्नालाही जे नावाआधी मिरविता येत नाही, ते स्थान ‘डॉक्टर’ या शब्दाला मिळाले आहे. एवढे मौल्यवान दार उघडे असले की त्यातून आत शिरण्यासाठी गर्दी होणारच.

ही गर्दी आवरण्यासाठी कायदा आहे. पदवी देण्याचा अधिकार कोणाला, हे १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याने ठरवून दिले; पण उल्लंघनाला त्यात दंड ठेवला तो अवघा एक हजार रुपयांपर्यंतचा! अस्सल विद्यापीठांतही मानद पदवीसाठी व्यवस्थापन परिषद, अधिसभा आणि कुलपती अशा पायऱ्या चढाव्या लागतात. तथापि अशा तरतुदींतून पात्रतेची जी कारणे सांगितलेली असतात, त्यांत व्यक्तीचे कर्तृत्व आणि लोकसेवा यांच्या जोडीला तिचे ‘उच्च स्थान’ हेही एक कारण असते. आमची सारी हयात नियमांचे अर्थ लावण्यात गेल्यामुळे म्हणा, आम्हांस या दोन शब्दांची धास्ती वाटते. कर्तृत्व आणि सेवा ही माणसाची असतात. स्थान हे खुर्चीचे असते. खुर्चीला दिलेली पदवी खुर्चीवरून उतरलेल्या माणसाच्या अंगावर सैल होते.

या पार्श्वभूमीवर ५ जून १९५२ हा दिवस आठवावा. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना एलएल.डी. ही सन्मान्य पदवी दिली. त्या वेळी बाबासाहेबांची स्थिती काय होती? हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरून त्यांनी १९५१ च्या सप्टेंबरात मंत्रिपद सोडले होते आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईतून त्यांचा पराभव झाला होता. ते राज्यसभेवर गेले होते हे खरे. पण पदवी देणाऱ्याला परतफेड करता येईल अशी कोणतीही सत्ता त्यांच्या हाती उरली नव्हती. विद्यापीठाने सन्मान केला तो घटनानिर्मितीच्या कार्याचा. पुढे १२ जानेवारी १९५३ रोजी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने त्यांना डी.लिट्. दिली. निःस्पृह साक्ष म्हणतात ती ही.

दुसरे उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला म्हणून मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. गणिताचे हे बी.ए. प्राध्यापक पुढे स्त्रियांच्या विद्यापीठाचे संस्थापक झाले. बनारस हिंदू विद्यापीठाने १९४२ साली, पुण्याने १९५१ साली, त्यानंतर खुद्द त्यांच्या विद्यापीठाने आणि १९५७ साली, अण्णांनी नव्याण्णव वर्षे ओलांडली असताना, मुंबई विद्यापीठाने त्यांना मानद पदव्या दिल्या. येथे पदवी हा केवळ गौरव नव्हता. ज्या समाजाने एकेकाळी त्यांना दूर लोटले, त्याच्या विद्वानांनी घेतलेले ते प्रायश्चित्तही होते.

आता वाचकांनी एक गंमत ध्यानात घ्यावी. चार विद्यापीठांच्या मानद पदव्या असूनही ‘डॉ. कर्वे’ असे आपण म्हणत नाही, ‘महर्षी’ म्हणतो. उलट बाबासाहेबांच्या नावाआधी ‘डॉ.’ सहज येते, कारण कोलंबियाची पीएच.डी. आणि लंडनची डी.एस्सी. त्यांनी अभ्यासाने मिळविली होती. आपल्या सिल्वासाच्या मुक्तीसाठी १९५४ साली जे निघाले, त्यांत संगीतकार सुधीर फडके होते; त्यांना महाराष्ट्र ‘बाबूजी’ म्हणतो. पुरावा कोणता, साक्ष कोणती आणि प्रेम कोणते, हे मराठी जिभेला बिनचूक कळते. छापखान्यात आणि व्यासपीठावर मात्र आपण घोटाळा करतो.

आता यावर असा आक्षेप येईल की, विद्यापीठे पैशावाचून चालत नाहीत, मग देणगीदाराचा मान राखला तर बिघडले कुठे? काहीच बिघडले नाही. इमारतीला त्याचे नाव द्यावे, त्याच्या नावे शिष्यवृत्ती ठेवावी. दानाचा सन्मान दान म्हणून उघडपणे करावा. दानाला विद्येचे नाव दिले की दोन्ही हीन होतात. ज्या होकारामागे नकाराची शक्यताच नसते, त्या होकाराला किंमत नसते. १९८५ च्या जानेवारीत ऑक्सफर्डच्या प्राध्यापकवर्गाने, देशाच्या विद्यमान पंतप्रधान आणि आपल्याच माजी विद्यार्थिनी असलेल्या मार्गारेट थॅचर यांना मानद पदवी देण्याचा प्रस्ताव ३१९ विरुद्ध ७३८ मतांनी फेटाळला. तो निर्णय योग्य की अयोग्य यावर दुमत होईल. परंतु तेथे ‘नाही’ म्हणता येते, हे जगाला दिसले.

मानद प्राध्यापकपदाची गोष्ट थोडी निराळी. पदवी घेऊन घरी जाता येते. प्राध्यापकाला वर्गात उभे राहावे लागते. गोमंतकातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांच्याजवळ कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. बुद्धाच्या ओढीने घर सोडून, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश येथे राहून ते पाली शिकले. १९१२ पासून सहा वर्षे त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली आणि ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डने त्यांना बोलाविले. त्यांची पात्रता प्रमाणपत्राने नव्हे, कामाने ठरली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली पीएच.डी. नसलेल्या अनुभवी व्यक्तींना ठरावीक मुदतीसाठी प्राध्यापक नेमण्याची वाट मोकळी केली. आमच्या मते ही वाट चांगली आहे. फक्त तिच्यावरून कोसंबींसारखे यावेत, निवृत्तीनंतर खोली आणि पाटी शोधणारे आमच्यासारखे अधिकारी येऊ नयेत!

‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आपण सोनूबाईला हसण्यासाठी वापरतो. परंतु तो वाळा सोन्याचा आहे असे सांगणारे शेजारीही तितकेच दोषी नव्हेत काय? आपल्या मंडळाजवळ देण्यासारखी कोणतीही पदवी नाही. आपली मुले शिकतात ती महाविद्यालयेसुद्धा पुण्याच्या वा सुरतच्या विद्यापीठांशी जोडलेली. तरीही प्रत्येक पत्रिकेत, प्रत्येक प्रास्ताविकात आपण लहानशी साक्ष देतच असतो.

यंदा ग्रंथालयातील देणगीदारांचा फलक रंगवावयाचा होता. या वेळी आम्ही आधी त्या गृहस्थांच्या घरी गेलो आणि मनातील गोष्ट बोललो. फलकावर पदवीविना त्यांचे नाव आणि पुढे ‘ग्रंथालयास दोन कपाटे’ एवढेच लिहावे, असे सुचविले. ते बराच वेळ गप्प होते. चहा निवून गेला. मग म्हणाले, “साहेब, हे तुम्ही पत्रिकेच्या वेळीच सांगायला हवं होतं. त्या दिवशी मागच्या रांगेत लोक हसत होते, ते मला दिसत होतं.”

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्यांचा मान राखण्यासाठी म्हणून जे अक्षर आम्ही लिहिले, त्यानेच भरल्या सभेत त्यांचा मान गेला होता. फलकावर आता त्यांचे नाव आहे आणि त्याखाली दोन कपाटे आहेत. त्या कपाटांतील पुस्तके मात्र लोक रोज वाचायला नेतात.