माळ्यावरचे डबे

माणसाला एखादा शौक असावा म्हणतात. मला नेमबाजीचा आहे. हे ऐकून बँकेतले लोक हसतात, कारण माझ्या हातून साधा रबरी शिक्काही कधी चौकोनात बसलेला नाही. तरी दर रविवारी मी लालबागहून वरळीच्या रेंजवर जातो. इथे सराव केलेल्या अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. मीही तिथेच उभा राहतो. जागेचा गुण सगळ्यांनाच लागतो असं नाही.

एअर रायफलचं लक्ष्य १० मीटरवर. त्यातला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे मोहरीहून बारीक. त्यासाठी शिशाचे छर्रे लागतात आणि चांगले छर्रे जर्मनीहून येतात. मध्यंतरी ते यायचेच थांबले. दुकानदार "पुढच्या महिन्यात बघा" म्हणू लागला. मग कोरडा सराव आला. छर्रा न घालताच नेम धरायचा आणि चाप ओढायचा. आमची खोली १२ फुटी, अंतर हवं ३३ फूट. तेव्हा भिंतीवर पेनाने टिंब काढून ते लांब आहे असं समजायचं.

वास्तविक माझ्याकडे पाचशे-पाचशे छर्ऱ्यांचे दोन डबे होते. माळ्यावर, गणपतीच्या मखरामागे. अडीअडचणीला असावेत म्हणून.

एका रविवारी रेंजवर परळची एक मुलगी म्हणाली, "काका, शंभर छर्रे उसने देता? निवड चाचणी आहे."

"संपले गं," मी म्हणालो. तो नेम मात्र अचूक बसला.

घरी हे सांगितलं, तर बायको म्हणाली, "अहो, २०१६च्या नोव्हेंबरात काउंटरवरून लोकांना काय सुनावत होतात? शंभराच्या नोटा दडवू नका, तुम्ही दडवता म्हणून टंचाई होते!"

"माझ्याकडे पावती आहे!"

"त्यांचेही पैसे स्वतःचेच होते."

रात्रभर विचार केला. वस्तू माझी, हे पावतीने ठरतं. पण तिची गरज कुणाला आहे, हे पावतीवर छापलेलं नसतं. 'उद्या मलाच लागले तर?' हा माझा युक्तिवाद. नोटा दडवणारेही अगदी हेच म्हणत होते. फरक एवढाच, की ते काउंटरच्या पलीकडे होते.

दुसऱ्या दिवशी एक डबा नेऊन दिला. दोन्ही देण्याइतका मी मोठा नाही.

मुलीची निवड झाली नाही. पण परवा तिने पुन्हा विचारलं, "काका, आणखी आहेत का हो?"

"आहेत," मी म्हणालो.

खरं बोलण्याचा खर्च किती येतो, हे आधी कुणी सांगत नाही.