शाळेचा पट आणि गांवाचा पट

ज्या गोष्टीवर आपली सत्ता चालत नाहीं, तिच्या बऱ्यावाइटाची जबाबदारी आपणांवर येते काय? व्यवहारी मनुष्य याचें उत्तर चटकन् 'नाहीं' असें देईल. कारण अधिकाराविना जबाबदारी म्हणजे अन्याय, असें आपण नेहमींच म्हणत असतों. परंतु इंग्लंडांतील माध्यमिक शाळा आणि तेथील स्थानिक कौन्सिलें यांचा गेल्या सव्वाशें वर्षांचा संबंध पाहिला, म्हणजे हें उत्तर वाटतें तितकें सरळ नाहीं असें दिसून येईल.

१९०२ च्या कायद्यानें तेथील शिक्षणाचा कारभार काउंटींच्या व मोठ्या शहरांच्या कौन्सिलांकडे आला, आणि माध्यमिक शाळा काढण्याचा अधिकारही त्यांस मिळाला. १९४४ च्या कायद्यानें सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांतील माध्यमिक शिक्षण मोफत झालें व तें पुरविण्याचें काम याच कौन्सिलांवर पडलें. पुढें मात्र ओहोटी लागली. १९८८ च्या कायद्यानें पैशाचा विनियोग बव्हंशीं शाळांच्या हातीं गेला; १९९२ च्या कायद्यानें तपासणीसाठीं ऑफ्स्टेड ही राष्ट्रीय संस्था निर्माण झाली; आणि २०१० नंतर थेट मध्यवर्ती सरकारकडून पैसा घेणाऱ्या 'अकॅडमी' शाळा इतक्या वाढल्या कीं, आज सरकारी पैशावर चालणाऱ्या दर पांच माध्यमिक शाळांपैकीं चारांहून अधिक त्याच जातीच्या आहेत. अशा शाळेचा मुख्याध्यापक नेमणें वा काढणें कौन्सिलाच्या हातीं नाहीं. तरीही आपल्या हद्दींतील मुलांच्या शिक्षणाचा दर्जा वाढावा म्हणून झटणें, हें कायद्यानें सांगितलेलें कर्तव्य त्याच्या माथीं कायमच आहे. कौन्सिलाची समिति निकालांचे आंकडे पुढें घेऊन बसते. शिक्षणाच्या प्रश्नावर पालकांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींसही तेथें मत असतें. ती प्रश्न विचारते, शिफारस करते आणि उठते. लगाम गेला, घोड्याची काळजी तेवढी राहिली!

अशा समितीचा उपहास करणें सोपें आहे. परंतु तिच्यापुढील आंकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहींत, हें आधीं पाहूं. निकालावरून शाळेची किंमत करावी, हा विचार नवा नव्हे. १८६२ सालीं रॉबर्ट लो यांच्या पुरस्कारानें इंग्लंडांतील प्राथमिक शाळांचें अनुदान मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन व गणित यांतील प्रत्येक मुलाची परीक्षा यांवर बांधलें गेलें. कवि मॅथ्यू आर्नल्ड हे त्या वेळीं शाळा तपासीत असत. हुशारीनें तयारी करून घेतली तर मुलें परीक्षेंत उतरतात, पण म्हणून त्यांस तो विषय येतोच असें नाहीं, हें त्यांनीं सरकारच्या कानीं घातलें. ती पद्धति त्या शतकाच्या अखेरीस मोडली. तिच्यामागील वृत्ति मात्र मोडली नाहीं. हल्लीं तेथें 'ऑफ-रोलिंग' असा एक शब्द रूढ आहे. मुलाच्या नव्हे, तर शाळेच्याच हितासाठीं, रीतसर हकालपट्टी न करतां, त्याचें नांव पटावरून नाहींसें करणें, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडे या गोष्टीला शब्द नाहीं, पण फॉर्म आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेच्या सल्लागार समितीवर मी होतों. त्या वर्षीं शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागला. अभिनंदनाचा ठराव मींच लिहिला, आणि भाषणही केलें. पुढें महिन्याभरानें एका सायकलच्या दुकानांत चाकाला हवा भरणारा मुलगा मला म्हणाला, "सर, मी तुमच्याच शाळेतला. नववीत मागं पडलो, तेव्हा सरांनी दाखला दिला आणि सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगितलं." तो फॉर्म खासगी रीतीनें परीक्षेस बसणाऱ्यांसाठीं असतो. शिक्षण सुटलेल्या अनेकांस त्यानें दुसरा दरवाजा उघडून दिला आहे. पण या मुलास त्याच फॉर्मानें पहिला दरवाजा लावून घेण्यांत आला होता. "मग भरलास?" मीं विचारलें. "फी भरली, पण शिकवणार कोण?" असें म्हणून तो पुढच्या चाकाकडे वळला.

पुढील सभेंत मीं ही गोष्ट काढली. मुख्याध्यापक सज्जन होते. ते शांतपणें म्हणाले, "साहेब, गेल्या वर्षीं आपण ज्याबद्दल माझें अभिनंदन केलेंत, तें हेंच." मला उत्तर सुचलें नाहीं. शंभर टक्के खरे होते. ते कितींपैकीं, हें विचारण्याचें काम माझें होतें आणि तें मीं केलें नव्हतें.

यावरून आंकडेच नकोत असें कोणी म्हणेल, तर तें मला मान्य नाहीं. आंकडे नसले तर आळशी शाळेस गोड शब्दांचें पांघरूण मिळतें, आणि त्याखालीं गुदमरतें तें गरिबाचें मूल. श्रीमंताचें मूल शिकवणी लावून बाहेर पडतें. २०२४ च्या सप्टेंबरांत ऑफ्स्टेडनें सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेच्या एकंदर योग्यतेवर एका शब्दाचा शिक्का मारण्याची चाल सोडली, तीही शाळा तपासूं नयेत म्हणून नव्हे. आंकडा हा प्रश्नाचा आरंभ आहे. आपण त्याला उत्तर समजतों, ही चूक आपली.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. स्थानिक पुढाऱ्यांच्या देखरेखींत प्रवेशाच्या चिठ्ठ्या, बदल्या व गांवचीं भांडणें शिरतात, हें आपणांस कोणी शिकवावयास नको. मग दूरचा निःपक्षपाती तपासनीसच बरा नव्हे काय? तपासनीस पाहिजेच. परंतु तो शाळा पाहावयास येतो आणि शाळा पाहून जातो. जें मूल शाळेंतून निघालें, तें त्याच्या दृष्टीपुढें सहसा येतच नाहीं. शाळेच्या पटावरील नांव एका शेऱ्यानें कमी होतें. गांवाच्या पटावरून तें कमी करण्याची सोय नाहीं. तें मूल त्याच रस्त्यावर, त्याच दुकानांत, उद्यांचा नागरिक म्हणून आपल्यामध्येंच राहतें. म्हणून शाळेवर सत्ता नसली तरी 'तो कोठें गेला?' हें विचारण्याचें कर्तव्य गांवाचें आहे, आणि तें त्या सत्तेबरोबर संपत नाहीं. उलट, ज्याला बदली करतां येत नाहीं, त्याच्या प्रश्नांत धमकीचा वास येत नाहीं. असा प्रश्न कोणी कानाआड करील हें खरें. पण तो चारचौघांत आणि दर वर्षीं विचारला गेला, तर कानाआड करणें उत्तरोत्तर कठीण होतें.

आपण 'निगा राखणें' असें म्हणतों. 'निगा' हा शब्द मूळ फारशींतील 'निगाह', म्हणजे नजर. मराठींत येतां येतां त्या नजरेंत माया मिसळली. देखरेख करणाऱ्यास या दोन्ही अर्थांची गरज आहे.

त्या समितीवर मी आणखी दोन वर्षें होतों. निकालाच्या तक्त्यांत आम्हीं एक रकाना वाढविला: 'दोन वर्षांपूर्वीं याच मुलांची आठवींतील संख्या.' पुढच्या वर्षीं निकाल शंभर टक्के लागला नाहीं. अभिनंदनाचा ठराव त्या वर्षींही मींच लिहिला. मात्र तो लिहिण्यापूर्वीं तो नवा रकाना दोनदां वाचला.