पाणी निवळते, हवेचे काय?

१७७६ साली अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळला, वर आलेले बुडबुडे बाटलीत धरले आणि तो वायू पेटवून पाहिला. तो मिथेन होता. दलदल हा वायू सोडतेच, आणि त्याबद्दल निसर्गाला जाब विचारण्यात अर्थ नाही. पण आपण स्वतः बांधलेल्या दलदलीचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल.

जर्मनीत केथे झायडेल यांनी १९५०च्या दशकात पाणवनस्पतींनी सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग सुरू केले. आज जगभर खडी-वाळूच्या वाफ्यांत देवनळ, पाणकणीस, कर्दळ लावून मैलापाणी निवळवतात; हीच ती बांधलेली दलदल. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेले ‘फायटोरिड’ त्याच कुळातले. वीज फारशी लागत नाही, यंत्रे कमी, त्यामुळे लहान गावालाही ते झेपते. ही पद्धत मला मनापासून पटते. म्हणूनच तिच्याकडे हवेचाही हिशेब मागावासा वाटतो.

अशा वाफ्यातले देवनळाचे एखादे मूळ उपटून पाहावे. भोवतालची खडी काळीकुट्ट, सडक्या अंड्याच्या वासाची. कोवळ्या मुळावर मात्र गंजासारखा तांबूस लेप. पोकळ दांड्यातून खाली उतरलेला प्राणवायू मुळातून झिरपतो आणि तिथल्या लोहाला गंज चढवतो. मुळापासून थोड्याच अंतरावर तो संपतो आणि मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांचे राज्य सुरू होते. त्यांचा वायू वर येताना मिथेन खाणाऱ्या जिवाणूंच्या तावडीत सापडला तर तिथेच संपतो. पण दांड्याच्या त्याच पोकळीतून त्याला थेट आभाळाची वाटही मोकळी असते. श्वास खाली नेणारी वनस्पतीच मिथेन वर आणते. तेव्हा ‘हिरवे ते सारे निर्मळ’ असे मानून चालत नाही.

खरा फरक पडतो तो वाफ्याच्या रचनेने. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या ‘आयपीसीसी’ या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०१३च्या पाणथळविषयक पुरवणीत मिथेन सुटण्याचा गुणांक उघड्या पाण्याच्या रचनेला ०.४, खडीतून आडवे पाणी वाहणाऱ्या वाफ्याला ०.१ आणि वरून खाली निथळणाऱ्या वाफ्याला ०.०१ दिला आहे. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या रचनेत चाळीस पटींचा फरक! निथळणाऱ्या वाफ्यात पाणी थांबून थांबून सोडतात. दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात खडीच्या फटींत हवा शिरते. फ्रान्समध्ये तर तीन वाफे आळीपाळीने चालवतात. एकाला साधारण साडेतीन दिवस मैलापाणी, मग सात दिवस विश्रांती. वाफ्यालाही शेतासारखे पडीक राहावे लागते, हे तिथल्या अभियंत्यांनी ओळखले.

तरीही नुसती हवा खेळवून भागत नाही. अमोनियाचे नायट्रेट व्हायला प्राणवायू लागतो. नायट्रेटचा निरुपद्रवी नायट्रोजन व्हायला मात्र प्राणवायूचा अभाव आणि जिवाणूंसाठी पुरेसे कार्बनी खाद्य लागते. यातले काही अर्धवट राहिले की नायट्रस ऑक्साइड निसटतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. म्हणून आधी निथळणारा आणि पुढे आडवा वाफा जोडणे, पहिल्या वाफ्यातून निघालेले थोडे पाणी फिरवून पुन्हा कच्च्या मैलापाण्यात मिसळणे, हे उपाय शहाणपणाचे.

या सगळ्यावर पाणी फिरवते ती हेळसांड. वाफ्याआधीच्या सेप्टिक टँकचा गाळ वेळेवर उपसला नाही की तो वाफ्यात उतरतो, खडी तुंबते, पाणी वर साचते. निथळणारा वाफा पाहता पाहता डबके होतो आणि मिथेन वाढतो. अर्थात प्रक्रिया न करता नाल्यात सोडलेला मैलाही कुजतो आणि तोही मिथेन सोडतो. तेव्हा वाफे नकोत असे कुणी म्हणू नये.

नगरपालिकांनी आणि गृहसंकुलांनी असे वाफे जरूर बांधावेत. मात्र तपासणी अहवालात पाण्यातली घाण मोजणाऱ्या बीओडी-सीओडीच्या रकान्यांशेजारी मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडचेही रकाने असू द्यावेत आणि गाळ उपसण्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा.