घाटमाथ्यावरचं पाणी

माझं घर सासवडचं. ज्ञानोबांची पालखी पुण्याहून दिवे घाट चढून आमच्याकडे येते ती बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीला. तीसेक किलोमीटरची चाल, त्यात उभा चढ आणि बहुतेकांचा उपास. आमच्या आळीतली मंडळी घाट संपतो तिथून पुढे मांडव घालून वर्षानुवर्षं पाणी वाटायची. काही वर्षांपूर्वी वर्गणी चांगली जमली आणि माठांच्या जागी थंड पेयांचे क्रेट आले. तशी सूचना मीच केली होती.

बर्फातून काढलेली बाटली मी एका आजींच्या हातात दिली. त्यांनी ती क्षणभर कपाळाला टेकवली, परत माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "माउली, साधं पाणी आसंल का? मला साखर हाय." आमच्या मांडवात पाणी नव्हतं. टबात बर्फ वितळून साचलेलं, तेवढंच.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. मी दिलं ते दान होतं का? भाव तर खरा होता. गीतेच्या नवव्या अध्यायात देव म्हणतो की भक्तीनं वाहिलेलं पान किंवा नुसतं पाणीही मी स्वीकारतो. पण तिथे घेणारा देव आहे. त्याला काही बाधत नाही. माणसाला बाधतं. म्हणून माणसाला देताना निव्वळ भावावर भागत नाही, असं मला वाटतं.

सतराव्या अध्यायात आधी आहाराचे तीन प्रकार येतात आणि बाराच श्लोकांनंतर दानाचे. मी ते दोन्ही कायम वेगवेगळे वाचत आलो. पुण्याची बाजू दानात आणि पोटाची बाजू आहारात. पण जे दुसऱ्याच्या पोटात जाणार आहे, ते देताना या दोन्ही कसोट्या एकदमच लागतात. दानाला देश, काळ, पात्र पाहायचं. आहारानं आयुष्य, बळ, आरोग्य वाढायला हवं. उपाशी पोट, चढाचा दम आणि हातात 250 मिलीची बाटली. तिच्यात साधारण 26 ग्रॅम साखर, म्हणजे सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये सांगितलं की मोठ्या माणसानं वरून घातलेली साखर दिवसभरात 50 ग्रॅमच्या आत ठेवावी, 25 च्या आत राहिली तर आणखी चांगलं. या 25 च्या हिशेबानं एकाच बाटलीत आजींची दिवसभराची साखर संपली असती.

इथे एक अडचण मला प्रामाणिकपणे सांगायला हवी. रोग देणाऱ्या राजस आहाराच्या यादीत गोडाचं नाव नाही, आंबट आणि खारट मात्र आहे. मग क्रेटऐवजी आम्ही आता देतो ते मीठ घातलेलं ताक कुठे बसवायचं? उत्तर शंकराचार्यांच्या भाष्यात मिळालं. त्या यादीतला 'अति' हा शब्द प्रत्येक रसाला जोडून घ्या, असं ते सांगतात. म्हणजे दोष अतिरेकाचा आहे. घामावाटे गेलेलं मीठ चिमूटभर परत देणं हा अतिरेक नव्हे. तहानेला सहा चमचे साखर हा आहे. हाच नियम आपल्या लाडक्या पन्ह्यालाही लागतो. गूळ घातला म्हणून ते आपोआप सात्त्विक होत नाही. गुळाचीही साखरच होते.

आता आमच्या मांडवात आदल्या रात्री विरजण लागतं. पहाटे पातळ ताक घुसळतो, त्यात सैंधव आणि थोडं जिरं, कारण एकादशीला तेच चालतं. बाजूला आमसुलाचं पाणी असतं, मीठ घातलेलं, बिनसाखरेचं. पाणी उकळून गार केलेलं. खर्च क्रेटपेक्षा कमी येतो, राबणं मात्र जास्त पडतं, आणि हे राबणं मला दानाचाच भाग वाटतं.

यंदा वारीच्या वाटेवर तुम्ही काही वाटणार असाल, तर बाकी काहीही ठेवा, पण साध्या पाण्याचा माठ सगळ्यांत पुढे ठेवा.