न पचलेल्या अन्नाचा हिशेब

अन्नाविषयी पिढ्यान्‌पिढ्या आपण जो विचार करीत आलो, त्याच्या बुडाशी एक गृहीत सदैव राहिलेले आहे: जे पचले ते अंगी लागले आणि जे पचले नाही ते वाया गेले. आजारातून उठलेल्याला पचायला हलके द्यावे, पाहुण्याला पांढराशुभ्र भात आणि मऊसूत पोळी वाढावी, ही सारी रीत त्याच गृहीतातून निघाली. आणि तांदळाचा कोंडा व गव्हाचा भुसा काढून टाकण्याचे काम गिरणीने स्वस्त केले, तेव्हा पूर्वी सधनांच्या पंक्तीपुरते असलेले अन्न सर्वांच्या ताटात आले, ही सुधारणाच झाली असे बहुतेकांना मनापासून वाटले. शरीरशास्त्रही दीर्घकाळ याच मताचे होते. लाळेतील व लहान आतड्यातील पाचकरसांच्या योगाने धान्यातील पिष्ट तुटते, त्याची साखर होते, ती रक्तात जाते आणि पिष्टाचा प्रवास तेथे संपतो, असे मानले जाई. मोठ्या आतड्याकडे पाणी शोषून घेणे आणि मळ साठविणे एवढीच चाकरी लावून दिलेली होती.

या समजुतीला तडा गेला तो मोजमापाच्या एका अडचणीतून. १९८२ च्या सुमारास केंब्रिज येथे हान्स एंग्लिस्ट व त्यांचे सहकारी अन्नातील चोथा मोजण्याची पद्धत बसवीत होते. नमुन्यातील सर्व पिष्ट पाचकद्रव्यांनी विरघळवून काढून टाकावयाचे आणि उरेल त्यातून चोथ्याचे प्रमाण ठरवावयाचे, असा त्यांचा बेत होता. परंतु पिष्टाचाच काही अंश असा निघाला की तो पाचकद्रव्यांना दाद देईना. त्याला त्यांनी ‘रेझिस्टन्ट स्टार्च’ असे नाव दिले. आपण प्रतिरोधी पिष्ट म्हणू. काचपात्रात जे दिसले ते शरीरातही घडते काय, हे पाहण्यासाठी पुढे एंग्लिस्ट आणि जॉन कमिंग्ज यांनी ज्यांचे मोठे आतडे शस्त्रक्रियेने काढावे लागले होते अशा व्यक्तींचे साहाय्य घेतले, त्यांना केळी खावयास दिली आणि लहान आतड्यातून काय बाहेर येते ते तपासले. केळे जितके कच्चे तितका त्यातील पिष्टाचा मोठा भाग न पचता पुढे जातो, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणजे निरोगी माणसाच्या धडधाकट पचनातूनही अन्नाचा एक भाग नित्य सुटून जातो, आणि तो दोष नसून देहाची नित्याची व्यवस्था आहे.

पिष्ट पाचकरसांना का जुमानत नाही, याची कारणे एकाहून अधिक आहेत. हरभरा, मटकी, वाल यांच्यात ते पेशींच्या भिंतीआड कोंडलेले असते. कच्च्या केळ्यात व कच्च्या बटाट्यात त्याच्या कणांची घडणच इतकी घट्ट असते की पाचकरसाला आत शिरकाव मिळत नाही, आणि शिजविताच ती घडण मोडते. परंतु आपल्या घरांशी ज्याचा निकटचा संबंध आहे, तो प्रकार शिजवून निवविलेल्या अन्नाचा. पिष्टात दोन द्रव्ये असतात: अमायलोज, ज्याच्या साखळ्या बव्हंशी सरळ असतात, आणि अमायलोपेक्टिन, जे शाखांनी विस्तारलेले असते. चिकट होणाऱ्या तांदळात पहिले कमी, मोकळा शिजणाऱ्यात अधिक. उकळत्या पाण्यात दोन्ही फुगून सैल होतात, म्हणून गरम भात मऊ लागतो. पण पातेले निवू लागले की सरळ साखळ्या एकमेकींलगत येऊन पुन्हा घट्ट बसतात. रात्री झाकून ठेवलेल्या भाताचे शीत सकाळी बोटांत घेऊन पाहावे. ते बोटाला चिकटत नाही, दाबले असता पसरत नाही, कडेने तुटते, आणि मधला गाभा किंचित रवाळ व अपारदर्शक दिसतो. फोडणीच्या भाताला शिळाच भात हवा, असा गृहिणींचा जो आग्रह असतो, त्याला आधार या रचनेचाच आहे. इंडोनेशियातील एका अभ्यासात ताज्या पांढऱ्या भातात १०० ग्रॅमला ०.६४ ग्रॅम असलेले प्रतिरोधी पिष्ट, भात चोवीस तास शीतकपाटात ठेवून पुन्हा गरम केल्यावर १.६५ ग्रॅम भरले. पुन्हा तापविल्याने सारे पूर्ववत होत नाही, कारण अमायलोजची ही नवी घडण वितळण्यास उकळत्या पाण्याहून बरीच अधिक उष्णता लागते. वाढ अडीचपट असली तरी मूळ प्रमाण अत्यल्प आहे, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. तिचा उपयोग पुढे पडणार आहे.

लहान आतड्यातून सुटलेले हे पिष्ट मोठ्या आतड्यात पोचते, तेव्हा तेथे कोट्यवधी जीवाणूंची वस्ती त्याची वाट पाहत असते. या वस्तीतील श्रमविभाग अचंबित करणारा आहे. रुमिनोकॉकस ब्रोमी नावाचा एक जीवाणू पिष्टाची घट्ट घडण फोडण्यात विशेष निष्णात. तो ती फोडतो, आणि त्यातून सुटणाऱ्या लहान शर्करांवर व इतर द्रव्यांवर ज्यांना स्वतः ती घडण फोडता आली नसती असे दुसरे जीवाणू जगतात. त्यांतले काही ब्युटिरेट नावाचे लघु मेदाम्ल निर्माण करतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपल्या शक्तीचा मोठा वाटा या ब्युटिरेटपासून मिळवितात. अन्य पेशींना रक्तातून रसद मिळते. या पेशी मात्र परकीय जीवांच्या श्रमावर पोसल्या जातात. ॲबरडीनच्या रोवेट संस्थेतील संशोधकांनी चौदा स्थूल पुरुषांना प्रतिरोधी पिष्टाचा आहार दिला, तेव्हा बहुतेकांच्या शरीरात ते जवळपास पूर्णपणे वापरले गेले; परंतु ज्या दोघांच्या आतड्यात या कुळातील जीवाणू अत्यल्प होते, त्यांच्यात निम्म्याहून अधिक पिष्ट तसेच बाहेर पडले. एकच अन्न दोन माणसांना सारखे का मानवत नाही, या जुन्या प्रश्नाचे निदान एक उत्तर येथे हाती लागते. प्रकृतिभेद म्हणून आपण ज्याचा उल्लेख करतो, त्यात या अदृश्य रहिवाशांचाही वाटा असला पाहिजे.

या व्यवहाराचे परिणाम आतड्यापुरते राहत नाहीत. शांघाय येथील संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सदतीस स्थूल व्यक्तींना आठ आठवडे रोज ४० ग्रॅम प्रतिरोधी पिष्ट दिले गेले. त्यांचे वजन सरासरी २.८ किलो घटले आणि इन्शुलिनला शरीराने द्यावयाचा प्रतिसाद सुधारला. याहूनही बोलका प्रयोग स्टीफन ओकीफ व त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१५ चा. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण लाखात ६५, तर दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण कृष्णवर्णीयांत पाचाहूनही कमी. या दोन्ही समाजांतील वीस-वीस जणांच्या आहाराची दोन आठवड्यांपुरती अदलाबदल करण्यात आली: अमेरिकनांना मका व कडधान्ये यांचे चोथायुक्त, कमी स्निग्ध जेवण, आफ्रिकनांना मांस व चरबी यांचे भरपूर. इतक्या अल्प मुदतीत अमेरिकनांच्या आतड्यातील ब्युटिरेट अडीचपट झाले, आफ्रिकनांचे निम्म्यावर आले, आणि अस्तराच्या दाहाची लक्षणेही त्याच क्रमाने उलटली. रक्त तेच राहिले आणि ताट बदलले. वंशाच्या माथी मारल्या जाणाऱ्या किती व्याधी वस्तुतः ताटाच्या असतील, हा विचार मनातून जाता जात नाही.

तरीही संशोधनाचा दाखला जेथे अनुकूल नाही, तेथे तो लपविता कामा नये. आनुवंशिक कारणाने कर्करोगाचा मोठा धोका असलेल्या सुमारे एक हजार व्यक्तींना इंग्लंडमधील जॉन बर्न व जॉन मॅथर्स यांच्या चाचणीत रोज ३० ग्रॅम प्रतिरोधी पिष्ट अथवा तसेच दिसणारे साधे पिष्ट दिले गेले. त्यांचा दीर्घकाळ मागोवा घेतल्यावर २०२२ मध्ये जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा की, मोठ्या आतड्याच्या कर्करोगात फरक पडला नाही, मात्र पोटातील व अन्य अवयवांचे कर्करोग जवळजवळ निम्म्याने कमी झाले. जेथे लाभ अपेक्षित तेथे तो न मिळावा आणि जेथे अपेक्षा नव्हती तेथे मिळावा, यावरून या विषयात अंतिम शब्द उच्चारण्याची घाई कोणी करू नये.

आपल्याकडे या साऱ्याचा विचार करताना शिळ्या अन्नाच्या इतिहासाशी गाठ पडते, आणि तो इतिहास निव्वळ आहारशास्त्राचा नाही. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळे अन्न तामसांना प्रिय म्हणून गणले आहे, आणि ताजे अन्न ही आपल्या समाजात प्रतिष्ठेची खूण राहिली आहे. शिळे वाट्याला आले ते सर्वांत शेवटी जेवणाऱ्या घरच्या स्त्रीच्या, गड्याच्या, आणि गावकीच्या बलुत्यात येसकरपाळीची भाकरी घरोघर मागत हिंडावे लागलेल्या महार कुटुंबांच्या. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांना असले उष्टे-शिळे तुकडे टाकून द्या असे बजावले, तेव्हा प्रश्न त्या तुकड्यांतील पौष्टिकतेचा नव्हता. माणसाच्या किमतीचा होता. म्हणून आज एखादा तज्ज्ञ शिळ्या भाकरीचे गुण गाऊ लागला, तर त्याने हे विसरू नये की आपल्या चुलीवर भाजून आपल्या इच्छेने दुसऱ्या दिवशी खाल्लेली भाकरी आणि दुसऱ्याच्या दारी हात पसरून मिळालेली भाकरी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, मग त्यांतील पिष्टाचे पृथक्करण कितीही सारखे येवो. गरिबांचे अन्न आरोग्यदायी होते असे म्हणून गरिबीचीच तरफदारी करण्याचा मोह सुशिक्षितांना फार लवकर होतो. त्या अन्नात डाळ कमी होती, दूध नव्हते, आणि अनेकदा अन्नच पुरेसे नव्हते.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणे देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. अशा देशात प्रतिरोधी पिष्टाच्या पुड्या महागड्या डब्यांतून विकल्या जाऊ लागणे स्वाभाविक असले, तरी माझे मत त्यांच्या विरुद्ध आहे. प्रयोगांत वापरलेले ३० किंवा ४० ग्रॅम निवविलेल्या भातातून मिळवू म्हणणाऱ्याला दिवसाला दोन किलोंच्या आसपास भात खावा लागेल, आणि त्यातील उरलेल्या पिष्टाची साखर त्याच्या रक्तातच उतरेल. भात थंड झाला म्हणून दोन घास अधिक खाण्याचा परवाना मिळत नाही. मार्ग कडधान्यांचा आहे: मटकीची उसळ, हरभरा, वाल, कुळीथ, जाडसर दळलेल्या ज्वारीची भाकरी, यांतून प्रतिरोधी पिष्टाबरोबर चोथा आणि प्रथिनेही मिळतात, आणि आतड्यातील वस्तीला विविध खाद्य लाभते. ज्यांना सवय नाही त्यांनी प्रमाण हळूहळू वाढवावे, नाहीतर वायूचा त्रास होतो.

भात ठेवावयाचाच तर रात्रभर ओट्यावर ठेवू नये. शिजविल्यानंतरही जिवंत राहणारे बॅसिलस सेरियस या जीवाणूचे बीजाणू उबदार भातात वाढून जे विष तयार करतात, ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. तेव्हा भात पसरट भांड्यात लवकर निववून तासाभरात शीतकपाटात ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आहारात मोठा बदल आपल्या वैद्यास विचारूनच करावा.