बटोंगा

शाळेच्या दिवसांत मुलं तिला चिडवायची. मुलीच्या जातीला एवढं शिकून करायचंय काय, हा सूर. ती एकाच शब्दात त्यांची तोंडं बंद करायची: बटोंगा!

हा शब्द तिच्या मातृभाषेत, फॉनमध्ये, सापडत नाही आणि फ्रेंचमध्येही नाही. तो तिनेच घडवला आणि अर्थही तिनेच दिला: माझ्या वाटेत येऊ नका, मला हवं ते मी होणार. चिडवणाऱ्याला भाषा आयते शब्द पुरवते. जिला चिडवलं जातं तिची झोळी मात्र रिकामी असते. गायिका अँजेलिक किजोने त्या झोळीत स्वतःचा शब्द टाकला. 1991च्या ‘लोगोझो’ अल्बममध्ये त्याचं गाणं झालं, आणि 2006मध्ये आफ्रिकेतल्या मुलींच्या शिक्षणासाठी तिने संस्था काढली तेव्हा नाव तेच ठेवलं.

किजोचा जन्म 1960चा, बेनिनच्या किनाऱ्यावरच्या विदा गावातला. आई नाट्यमंडळी चालवायची, म्हणून रंगमंच लहानपणीच ओळखीचा झाला. 1972मध्ये लष्करी अधिकारी मातिए केरेकू सत्तेवर आले आणि पुढे कलावंतांनी क्रांतीचे गोडवे गावेत अशी सक्ती होऊ लागली. 1983मध्ये किजोने गुपचूप देश सोडला आणि पॅरिस गाठलं.

तिथल्याच एका पार्टीत ‘टॉकिंग हेड्स’चं गाणं वाजत होतं. हे आफ्रिकन आहे, असं तिला वाटलं. सोबतच्यांनी सांगितलं, छे, हे रॉक. तिचा कान चुकला नव्हता. त्या अमेरिकन बँडच्या 1980च्या ‘रिमेन इन लाइट’ अल्बमवर नायजेरियाच्या संगीतकार फेला कुटीची दाट छाया आहे. 2018मध्ये किजोने तो अख्खा अल्बम नव्याने गायला. ताल जिथून गेला होता तिथल्या गळ्यातून तो परत आला.

विदाच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. गुलामांची जहाजं याच किनाऱ्यावरून सुटायची. माणसं साखळदंडात गेली, ताल मात्र त्यांच्या अंगातच होते. ते ब्राझील-क्युबात रुजले. क्युबाच्या सेलिया क्रूझची गाणी किजोने 2019मध्ये गायली, तेव्हा ड्रमवर होता फेलाचा जुना साथीदार टोनी ॲलन. या अल्बमला ग्रॅमी मिळालं. मंचावर तिने ते अर्पण केलं त्याच स्पर्धेत हरलेल्या तरुण गायक बर्ना बॉयला. मला तिचं मोठेपण तिच्या पाच ग्रॅमींपेक्षा या एका कृतीत जास्त दिसतं.

पण ऐकायचं तर आधी ‘ईव्ह’ ऐकावं. 2014च्या या अल्बमसाठी ती ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन बेनिनच्या गावोगावी फिरली आणि बायकांना गातं केलं. त्यांचे आवाज तिच्या आवाजामागे दबत नाहीत, खांद्याला खांदा लावून येतात. नाव आईवरून ठेवलंय: ईव्हॉन.