देवाचा स्वेटर

पंढरपूरचा विठोबा कमरेवर हात ठेवून उभा आहे, ही विणणाऱ्यांची मोठी पंचाईत. बाह्या चढवायच्या कशा? कार्तिकी यात्रा उरकून थंडी पडली, की त्याला शाल, रजई आणि कानपट्टी मिळते. गुढीपाडव्यापासून मृग लागेपर्यंत अंगाला चंदनाची उटी. पुण्याच्या सारसबागेतला गणपती मात्र हिवाळ्यात लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालून बसतो. घरोघरी रांगत्या बाळकृष्णासाठी वीतभरही नसलेले स्वेटर विणले जातात. सुलट-उलट टाके माणसांचेच. फक्त पाठ उघडी ठेवून बंद लावायचे, कारण लाडू धरलेला पितळी हात काही वाकत नाही.

देवाला थंडी वाजते का?

ज्याने ऋतू केले त्याला ऋतू कसले बाधणार, असे वेदान्ती म्हणेल. पूजाविधीला हा प्रश्नच पडत नाही. आवाहन केले की मूर्ती घरी आलेला पाहुणा ठरते, आणि सोळा उपचारांत वस्त्र येतेच. पाहुण्याला थंडी वाजते का ते तपासून कोणी पांघरूण देत नाही. नामदेव तर शिंप्याचा पोर. विठ्ठल नैवेद्य खात नाही तोवर हलायचे नाही, असा त्याने हट्ट धरला आणि कथेत देव जेवला. वारकऱ्यांनी ही कथा बालिश म्हणून बाजूला टाकली नाही.

बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात मात्र याला दिगंबर जैनांचे रोकडे प्रत्युत्तर आहे. खानापूर तालुक्यातल्या नंदगडपासून जवळच हलशी आहे, कदंबांची जुनी राजधानी. तिथल्या ताम्रपटांत जैन मंदिरांना दिलेल्या दानांची नोंद आहे. निपाणीकडच्या भोज गावचे आचार्य शांतिसागर (१८७२–१९५५) यांनी विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरा पुन्हा उभी केली. ऐन डिसेंबरातही मुनीच्या अंगावर धागा नसतो, हातात मोरपिसांची पिंछी असते. श्वेतांबर साधूचा ओघा, म्हणजे जीवजंतू हळूच बाजूला सारायचा कुंचा, लोकरीचा. दिगंबरांनी तेवढीही लोकर ठेवली नाही. दिगंबर मंदिरात तीर्थंकराला स्वेटर घालणे ही सेवा नव्हे, अपमान ठरेल. ज्याने थंडी-ऊन जिंकले त्यालाच पांघरूण?

तिसरे उत्तर धनगरांचे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात. ना कातलेली, ना विणलेली. मेंढीच्या अंगावरून निघाली तशी देवाच्या अंगावर. नंदगडला २६ जानेवारी १८३१ रोजी फाशी गेलेला, इंग्रजांशी लढलेला संगोळ्ळी रायण्णा धनगरांसारख्याच मेंढपाळ कुरुब समाजातला. त्याच्या समाधीपाशी लोक मूल व्हावे म्हणून लाकडी पाळणे वाहतात. लढवय्याला पाळणा आणि दगडाला कानटोपी यांत फार अंतर नाही. दोन्हीकडे माणूस आपल्या घरची गरज देवाच्या अंगावर मोजतो. त्यात भक्तीला कमीपणा कुठे आला? ज्याचा देव उघडा त्याने उघडा ठेवावा, ज्याचा थंडीने कुडकुडतो त्याने विणावे.

तक्रार एकाच गोष्टीची. जुन्या घरांत सोवळ्याला धाबळी चालत असे. सुती कापड विटाळते, लोकर विटाळत नाही, असा समज. आज दुकानात ‘लोकर’ मागितली की बहुधा ॲक्रिलिकची गुंडी हातात येते, म्हणजे खनिज तेलापासून काढलेला धागा. ते सोवळे की ओवळे, हे कुठल्याच स्मृतीत लिहिलेले नाही. इकडे दख्खनी मेंढीची काळी, जाड लोकर, जिच्या घोंगडीची खोळ घेऊन खानापूरच्या पावसात शेतकरी चिखलणी करत आला, तिला गिऱ्हाईक उरलेले नाही. अंगाला टोचते, ही तिच्याविरुद्धची मुख्य तक्रार.

दगडाला किंवा पितळेला ती टोचत नाही. यंदा बाळकृष्णासाठी टाके घालणाऱ्यांनी आधी जवळच्या धनगरवाड्यावर जाऊन थोडी लोकर विकत घ्यावी.